पहिल्याच हाकेला ओ

१

रोज दुपारी बाराला आमच्या ऑफिसातून त्रेचाळीस हाका जातात. ऑफिस म्हणजे मुरुमच्या बाजारपेठेत प्रेमाबाईंच्या भांड्यांच्या दुकानावरची पत्र्याची खोली. खाली दिवसभर घागरी, पातेली, परातींचा खणखणाट. वर मी, शिवानी आणि तिचा संगणक.

चौतीस वर्षं मी या जिल्ह्याची बातमीदारी केली. तहसीलदाराला भर बैठकीत खोटं पाडलं, दोन संपादकांच्या तोंडावर राजीनामा फेकला, एकदा मार खाल्ला. भुताखेताची बातमी मात्र एकही दिली नाही. एका गावात लिंबाच्या झाडातून रक्त गळतंय म्हणून सगळे वार्ताहर कॅमेरे घेऊन धावले, तेव्हा त्या झाडाची साल प्रयोगशाळेत घेऊन जाणारा मी एकटा होतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणी मला अंगारे-धुपारेवाला समजला तर त्याच्याशी मी भांडेन. जे घडलं ते क्रमानं लिहितो. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि नसलेलं स्पष्टीकरण मी कधी छापलेलं नाही.

हाकांची कल्पना माझी. पोरं पुण्याला, हैदराबादला. मागं एकटी म्हातारी माणसं. गेल्या वर्षी एक बाई घरात मरून चार दिवस पडली होती, शेजाऱ्यांना वासानं कळलं. ती बातमी लिहिताना माझं डोकं फिरलं. शिवानीला म्हटलं, असं काहीतरी कर की रोज एक फोन जाईल, माझ्या आवाजात नाव घेऊन हाक मारेल, आणि पलीकडून माणसानं नुसती ओ द्यायची. ओ आली की यादीत हिरवा ठिपका. नाही आली की मुलाला आणि शेजाऱ्याला निरोप.

शिवानी एकतीस वर्षांची. पुण्यातली नोकरी सोडून आली. माझा जुना फोटोग्राफर ईरण्णा, त्याची ही मुलगी. तिनं पंधरा दिवसांत प्रोग्राम उभा केला, आणि पहिल्याच दिवशी त्रेचाळीसपैकी एकतीस जणांनी ओ दिली नाही. पुण्यातल्या एकतीस घरांत रडारड. एक मुलगा भाड्याची गाडी करून आला, तर आई अंगणात शेवया वाळत घालत होती.

"फोन उचलला की आजी तुम्ही, मग ओ का नाही दिली?" शिवानीनं त्या आजीला विचारलं.

"एकाच हाकंला कोन ओ देतंय गं?" आजी उलट हिलाच हसली.

खाली येऊन शिवानीनं प्रेमाबाईंना हे सांगितलं. त्या घागरीला चिंच लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं. पैल्या हाकंला ओ द्यायची न्हाय. दुसऱ्यालाबी न्हाय. मानूस असंल तर तिसरी मारतंय."

"आणि माणूस नसेल तर?"

"त्याला तिसरी मारता येत न्हाय."

मी त्यावर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शिवानीनं प्रोग्राम बदलला. तीन हाका, आणि ओ मोजायची तिसरीनंतर. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस ठिपके हिरवे. माझ्या चौतीस वर्षांच्या विज्ञानवादी पत्रकारितेला प्रेमाबाईंच्या चिंचेनं घासून पुसून काढलं.

२

त्या मंगळवारी सकाळी शिवानीचा चेहरा पडलेला होता.

ती ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहिते, त्याला एक जोडकाम असतं, प्लगइन म्हणतात. रात्री ते आपोआप नवं झालं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. मला याचा मनस्वी संताप येतो. आपल्या घराचं कुलूप कुणी परस्पर बदलून जातं का? पण या कंपन्यांना जाब विचारायला ना कुठलं कार्यालय, ना कुणी साहेब.

"बिल्डच होत नाही काका," ती म्हणाली. मी न समजल्यासारखं पाहिलं. "म्हणजे मी लिहिलेलं मशीनला चालवता येईल असं बांधायचं असतं. ते बांधलंच जात नाहीये. बत्तीस चुका दाखवतंय, आणि एकही माझी नाही."

तिनं साठलेला जुना कचरा पुसला, सगळं स्वच्छ करून पुन्हा बांधायला घेतलं. पुन्हा चुका. एक जुनी फाइल नव्या प्लगइनला पटत नव्हती, ती बदलली. चुका बत्तीसवरून सातवर, सातवरून एकावर. पावणेबाराला ती शेवटची एकही आपोआप गेली.

"काय केलंस?"

"काहीच नाही." ती कपाळावरचा घाम पुसत होती. "आत्ता होती. गेली."

बाराला हाका गेल्या. त्रेचाळीस ठिपके हिरवे. मी चहा मागवला.

एकच बिघाड राहिला. प्रोग्राम चालता चालता एखाद्या ओळीवर थांबवून आत काय चाललंय ते बघायची सोय असते. ज्या ओळीवर थांबायचं तिथं लाल खूण करायची. आता शिवानी खूण करायची एका ओळीवर, आणि प्रोग्राम थांबायचा भलत्याच ओळीवर. मध्येच तर एका रिकाम्या ओळीवर थांबला.

"असं कधी होतं माहितीय का?" ती म्हणाली. "मी लिहिलेलं आणि आत चालतंय ते, दोन्ही एकच नसलं की."

"मग त्यात नवल काय? आम्ही पाठवायचो एक आणि छापून यायचं दुसरंच," मी म्हणालो. दोघं हसलो. हिरवे ठिपके येत होते, म्हणून आठवडाभर तो विषय तसाच राहिला.

३

पुढच्या बुधवारी ती बिघाड काढायला बसली. म्हणजे नवव्या दिवशी. अकराची वेळ. खाली कुणीतरी नवरीसाठी भांडी बघत होतं, एकेक घागर बोटानं वाजवून.

"काका, इकडं या."

पडद्यावर नोंदवही होती. कुणाला किती हाका गेल्या, कितव्या हाकेला ओ आली. सगळीकडे तीन, तीन, तीन. एका नावापुढं एक.

ईरण्णा.

"बाबा पहिल्याच हाकेला ओ देतायत," शिवानी म्हणाली.

मी हसणार होतो. ईरण्णा आणि पहिल्या हाकेला? आम्ही पंचवीस वर्षं एकत्र फिरलो. पुरात, दंगलीत, दुष्काळात. लॉजच्या दारावर मी नाव घेऊन बोंबललो तरी हा पठ्ठ्या तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायचा नाही. आईनं लहानपणी लावलेली शिस्त. एकदा आग लागलेली असतानाही दिली नव्हती.

"कधीपासून?"

तिनं बोटानं वर सरकवलं. आठ दिवस. प्लगइन बदललं त्या मंगळवारपासून.

"मग झालं. बिघाडच आहे."

"सगळ्यांचं बिघडलं असतं तर मीपण तेच म्हटलं असतं," ती म्हणाली. "बिघाड माणूस बघून येत नाही काका."

ईरण्णा तामलवाडीला राहतो, गावाबाहेर, बायकोच्या माहेरच्या रानात. ती गेल्यावरही तिथंच राहिला. मी त्याला घरजावई म्हणून चिडवतो, तो मला पेपरवाला म्हणतो. शिवानीनं लगेच त्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. त्या रानात हे नेहमीचंच. गेल्या रविवारीही लागला नव्हता, आणि तिनं काळजी केली नव्हती.

"ठिपका हिरवा होता ना," ती हळूच म्हणाली.

४

बाराला तिनं प्रोग्राम नेहमीसारखा सोडला नाही. बाकीच्या बेचाळीस जणांना त्या दिवशी मी आणि प्रेमाबाईंनी फोन केले. फक्त ईरण्णाची एक हाक शिवानीनं चालवायला घेतली, आणि हाक जाण्याच्या आधीच्या ओळीवर लाल खूण केली.

"इथं थांबेल. फोन अजून लागलेला नसेल. मग मी एकेक ओळ पुढं नेईन, म्हणजे ओ नेमकी कुठून येते ते दिसेल."

तिनं बटण दाबलं. या वेळी प्रोग्राम शहाण्यासारखा नेमक्या ओळीवर थांबला. पंखा फिरत होता. पत्रा उन्हानं तडतडत होता. खालचा खणखणाट जेवणाच्या वेळेनं बंद झालेला.

पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या गोष्टींची यादी असते. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

गेलेल्या हाका: शून्य.

आलेली ओ: एक.

"जुनं काहीतरी साठून राहिलंय," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, आवाज खोलीत आदळला. "पूस आणि परत चालव."

तिनं सगळं बंद केलं, पुसलं, नव्यानं बांधलं, पुन्हा चालवलं. थांबला. शून्य हाका. ओ एक.

"याला कुणी चालवलं?" मी विचारलं. "तू म्हणालीस ना, एकाला दुसरा बोलावतो, दुसऱ्याला तिसरा, आणि ती साखळी दिसते? दाखव."

साखळी होती. शिवानीनं नाव दिलेल्या पायऱ्या एकाखाली एक. प्रत्येकीवर बोट ठेवलं की तिची लिहिलेली ओळ उघडायची. सगळ्यात तळाला, जिथून सुरुवात व्हायला हवी त्याच्याही खाली, एक पायरी जास्त होती. तिला नाव नव्हतं. शिवानीनं तिच्यावर बोट ठेवलं. चौकट उघडली: सोर्स उपलब्ध नाही.

त्या तीन शब्दांनी माझं टाळकं सरकलं. आयुष्यभर मी सूत्रांच्या नावासाठी भांडलो. नाव नसलेल्या सूत्रावर एक ओळ छापली नाही. आणि इथं माझ्याच ऑफिसात, माझ्याच हाकेच्या मुळाशी, नाव न सांगणारं कुणीतरी बसलेलं होतं.

"आत जा त्याच्या," मी म्हणालो.

"जाता येत नाही. लिहिलेलंच नाही ते, कुणीच."

"मग बंद कर."

"नाही," ती म्हणाली. "बंद केलं तर काही दिसणार नाही. थांबवलेलं राहू दे. थांबलेलं आहे तोवर पुढं काही होत नाही."

५

ओ साठवलेली असते, तीन-चार सेकंदांची. ती ऐकायची कल्पना माझी, आणि तिचा मला अजून पश्चात्ताप होतो.

शिवानीनं आवाज वाढवला. आधी पोकळ घुमणं, घागरीत तोंड घातल्यासारखं. मग, "ओ."

शिवानीनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

"काका, हा आवाज तुमचाय."

"लाव परत."

"ओ."

माझाच होता. दोन शब्दांच्या मध्ये घसा साफ करायची मला सवय आहे, ती खरखरही होती. मी झटकन म्हणालो, "हाकेचं शेपूट असेल. 'ईरण्णा ओऽ' अशी मारली असेल मी, तेवढं कापलं गेलं."

तिनं माझी मूळ हाक लावली. सहा महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून केलेली. 'ईरण्णा, हायस का?' त्यात ओ नव्हती. कशातच नव्हती. मी कुणाला ओ देतच नाही. फोन असो, दार असो, बायको असो, मी म्हणतो, 'बोला.' बातमीदाराची खोड. गावात त्यावरून माझी नक्कल करतात.

न दिलेली ओ मी ऐकत बसलो होतो.

खाली प्रेमाबाईंनी एक मोठी घागर पालथी घातली. त्या आवाजानं आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.

६

ईरण्णाच्या शेजारचं रान अण्णारावांचं. त्यांचा फोन त्या दिवशी लागला नाही. संध्याकाळी दोनदा, रात्री एकदा. शिवानी तेव्हाच निघायचं म्हणत होती. मीच अडवलं. उद्या सकाळी नाही लागला तर निघू, म्हणालो. तोपर्यंत मला खात्री होती की हा कुठल्यातरी टवाळखोराचा उद्योग आहे. माझे शत्रू काही थोडे नाहीत.

गुरुवारी सकाळी नवाला फोन लागला. मी स्पीकर लावला.

"हाय की ईरण्णा," अण्णाराव म्हणाले. "आत्ता बांधावर दिसला. का वो, तुमी काल येऊन गेला न्हवं?"

"मी?"

"आवाज ऐकला की तुमचा. दुपारच्याला. मला वाटलं च्या प्यायला तरी याल हिकडं, तर तुमी गायब."

शिवानीनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "काका, बाबांना द्या. चालत जा आणि द्या."

पायाखाली ढेकळं फुटण्याचा आवाज आला, मग ईरण्णाचा खोकला. शिवानी खाली बसली आणि रडायला लागली. तिला हुंदका आवरेना म्हणून फोन मी घेतला.

"काय रे पेपरवाल्या, कसली चेष्टा लावलीस?" तो म्हणाला. "आठ-नऊ रोज झालं. रोज दुपारी दाराशी येतूस, 'ईरण्णा, हायस का' म्हनतूस, आन म्या उठस्तवर पळतूस. म्हातारपनी पोरासारखं?"

"तुझा फोन कुठाय?"

"हिरीत."

"कुठं?"

"हिरीत पडला. मोटर बघायला वाकलो, खिशातनं गेला. त्या मंगळवारी. आता काढायचा कसा, साठ फूट पानी." तो हसला. "दम हाय व्हय त्याच्यात अजून?"

माझ्या पाठीला पत्र्याची भिंत लागली होती. तापलेली होती, तरी मी तिला टेकून राहिलो.

"ईरण्णा, त्या हाकेला तू ओ दिलीस का?"

"एकाच हाकंला? माझी आय वर बसून बगतीया. न्हाय दिली." मग जरा थांबून, "काल मातर दोनदा मारलीस."

काल आम्ही प्रोग्राम दोनदा चालवला होता. दोन्ही वेळा हाकेच्या आधी थांबवला होता. मी शिवानीकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं. पडद्यावर प्रोग्राम अजून तसाच थांबलेला होता.

"आता तिसरी मार," ईरण्णा म्हणाला, "का लगीच ओ देतो. एकटं लई कंटाळा येतोय गड्या."

"ऐक," मी म्हणालो. "मी येतोय. घरात बस आणि कडी घाल. कुणीही हाक मारली, कितीही वेळा मारली, तरी ओ द्यायची नाही. मी हाक मारणार नाही. दाराला थाप मारीन आणि 'बोला' म्हणेन. 'बोला' ऐकलं तरच उघडायचं."

"आन हाक मारलीस तर?"

"तर तो मी नाही."

तो हसला. पण हसणं अर्ध्यात तुटलं. "बरं," म्हणाला.

७

शिवानी ऑफिसात थांबली. कुणीतरी पडद्यासमोर हवं होतं. बटणाला हात लावायचा नाही, वीज गेली तर इन्व्हर्टर बघायचा, एवढंच तिचं काम. प्रेमाबाई दुकान मुनिमावर टाकून तिच्याजवळ येऊन बसल्या. जिन्यात फक्त म्हणाल्या, "गौरीशंकर, तुमी हाक मारू नका हां." या बाईनं मला काही शिकवायची ही दुसरी वेळ. मी मान डोलावली.

नळदुर्गवरून तुळजापूर, तिथून सोलापूरच्या रस्त्याला. एरवी दोन तास. तुळजापुरात गर्दी होती, दर्शनाच्या गाड्या आडव्या लागलेल्या. मी दोघांशी भांडलो आणि वीस मिनिटं घालवली. वाटेत डोकं सारखं बातमी जुळवत होतं. कुणीतरी माझा आवाज चोरलाय. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. कुणीतरी रानात लाऊडस्पीकर ठेवलाय. हे सगळं शक्य आहे. हे सगळं मी शोधून काढीन आणि नावानिशी छापीन. त्या विचारानं मला जरा बरं वाटत होतं.

बाराला पाच कमी असताना गाडी बांधाजवळ लावली. ऊन असं की नजर ठरत नव्हती. डोक्याला पंचा गुंडाळला, पिशवी डाव्या खांद्याला अडकवली, आणि चालत निघालो. डावीकडे ईरण्णाचं घर, दोन खोल्या, दार लावलेलं. उजवीकडे शंभरेक पावलांवर विहीर. मध्ये ज्वारीची मोकळी झालेली रानं, नुसती धसकटं. पाखरूही बोलत नव्हतं.

घराकडे वळणार तोच विहिरीकडे लक्ष गेलं.

काठावर तो उभा होता. पाठमोरा, डोक्याला पंचा. वाकून आत बघत होता. बघता बघता त्यानं एक पाय उचलून कठड्याच्या पलीकडे टाकला.

फोन काढायला उतरतोय. माझ्या मनात एवढंच आलं. साठ फूट पाणी आणि गुडघे गेलेला म्हातारा. मी पिशवी सांभाळत धावलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो,

"ईरण्णाऽऽ!"

"ओ!"

विहिरीकडून नव्हे. डावीकडून, घराच्या आतून. खुशीत, मोठ्यानं, जशी माणूस फार दिवस अडवून ठेवलेली ओ देतो तशी. पाठोपाठ कडी निघाल्याचा आवाज.

माझे पाय थांबले. विहिरीवरच्यानं पलीकडे टाकलेला पाय सावकाश परत अलीकडे घेतला. तो सरळ झाला. काम झाल्यावर माणूस पाठ सरळ करतो, तसा. त्याच्या डाव्या खांद्याला पिशवी होती. पट्ट्याला काळ्या दोऱ्यानं मारलेली गाठ इतक्या लांबून मला कशी दिसली कोण जाणे, पण ती गाठ मीच मारलेली होती. माझा हात खांद्यावर गेला. पिशवी माझ्याही खांद्यावर होती.

तो वळायला लागला. मी पाहिलं नाही. चौतीस वर्षं बघणं हाच धंदा केला, आणि तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा विहिरीवर कुणी नव्हतं. घराच्या दारात ईरण्णा उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या आणि त्याच्या मधल्या मोकळ्या जागेकडे, त्याच्यापासून हातभर अंतरावर असलेल्या कुणाकडे तरी बघून तो हसत होता.

"ये की," तो म्हणाला. "हाक मारून दारात कशाला थांबलास? आत ये." आणि वाट द्यायला बाजूला सरकला.

खिशात फोन वाजला. शिवानी.

"काका, सुटलं," ती म्हणाली. "थांबलेलं सुटलं. मी हात नाही लावला, प्रेमाबाई आहेत इथं, विचारा त्यांना, मी हात नाही लावला. बाबांच्या नावापुढं तीन आले. हिरवा ठिपका आला. काका? बाबा आहेत ना? काका?"

८

ईरण्णाला मी त्याच दिवशी मुरुमला आणलं. वाटेत तो झोपला होता.

दोन महिने होत आले. शिवानीकडेच असतो. उमरग्याच्या डॉक्टरनं तपासलं, रक्त, छाती, सगळं ठीक. जेवतो, फिरतो, दुपारी आमच्या ऑफिसात येऊन खिडकीशी बसतो. शिवानीनं ते प्लगइन काढून जुनं बसवलं. आता बिल्ड पहिल्या झटक्यात होतं. प्रोग्राम खूण केलेल्या ओळीवरच थांबतो. साखळीच्या तळाची ती पायरी दिसत नाही. यादीत बेचाळीस नावं आहेत आणि बेचाळीसही जण तिसऱ्या हाकेला ओ देतात. प्रेमाबाई मात्र ईरण्णा वर आला की खाली निघून जातात. त्याला चहा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून पाठवतात.

तो मला आता पेपरवाला म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. शिवानीनं त्याला नवा फोन घेऊन दिला. वाजला की कानाला लावतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "बोला."

परवा जिन्यात शिवानीनं मला थांबवलं. चार पायऱ्या वर उभी होती, हातात त्याचा धुतलेला सदरा.

"काका, बाबा बरे आहेत ना?"

तिच्या प्रश्नात काय होतं ते मला कळलं. तिला काय कळलंय तेही. मी सांगायला हवं होतं. आयुष्यभर लोकांना तोंडावर सांगत आलो.

"बरा आहे," मी म्हणालो. खात्री न करता दिलेली माझी ही पहिली बातमी. ती मान हलवून वर गेली.

काल दुपारी बाराच्या आधी मी एकटाच जिना चढलो. दार अर्धं लोटलेलं. फटीतून खिडकीपाशी त्याची पाठ दिसत होती, डोक्याला पंचा, मान जरा खाली, विहिरीत बघावं तशी खालच्या घागरींकडे. मी ठरवून आलो होतो. एकदा हाक मारायची. एकदाच. गप्प राहिला तर तो ईरण्णा. तेवढं कळलं तरी पुरे.

मी दाराबाहेर उभा राहिलो. श्वास आत घेतला. त्याचं नाव अजून माझ्या ओठांपर्यंतही आलेलं नव्हतं.

"ओ," तो म्हणाला.